आईचा मोतीबिंदू, मधुमेह आणि लेन्सचा प्रश्न

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. एका डॉक्टरांनी सांगितलं, "अजून पिकला नाही, सहा महिन्यांनी या." दुसऱ्यांनी त्याच आठवड्यातली तारीख दिली आणि चष्मा सुटेल अशी मल्टिफोकल लेन्स सुचवली. भाऊ म्हणतो लेझरनेच करायचं, आई म्हणतात दिवाळीनंतर थंडीत बघू. आणि तुम्ही विचारताय की लेन्स कुठली घ्यावी.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं मोतीबिंदूची ऑपरेशनं करते आहे. माझ्या मते लेन्सचा प्रश्न तुमच्यापुढे तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न: आईंना जे अंधूक दिसतं, ते सगळं मोतीबिंदूमुळेच आहे का? दुसरा: त्या अंधूकपणामुळे रोजच्या जगण्यात त्यांचं नेमकं काय अडतंय? या दोन्हींची उत्तरं मिळाली की लेन्सचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. आईंना तपासल्याशिवाय मी "करा" किंवा "थांबा" म्हणणार नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबरही असू शकतील. पण मी कसा विचार करते ते सांगते, म्हणजे पुढच्या भेटीत काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

बाहुलीच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं, साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ मिलिमीटर जाड. ते एका अतिशय पातळ पारदर्शक पिशवीत असतं. या भिंगातली प्रथिनं वयाबरोबर गढूळ होतात, तो मोतीबिंदू. डोळ्यावर बाहेरून काही चढत नाही. बाहेरून बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवर (कॉर्नियावर), जे मांसासारखं चढतं ते वडस, तो वेगळा आजार. काचबिंदू तर त्याहून वेगळा. त्यात डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत मिळत नाही. हा खुलासा मुद्दाम केला, कारण "आईला बिंदू आहे" एवढंच ऐकून घरी गेलेले आणि काचबिंदूला मोतीबिंदू समजून दोन वर्षं थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पारदर्शक होत नाही. भिंगाचंही तसंच आहे. म्हणून मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, मध, काढे यांवर पैसे घालवू नका. आज तरी उपाय एकच, गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवणं.

गढूळपणा भिंगात कुठे आहे यावर त्रास ठरतो. मधला गाभा पिवळा-तपकिरी होत गेला तर लांबचं हळूहळू अंधूक होतं आणि चष्म्याचा उणे नंबर वाढतो. मजा म्हणजे अशा वेळी कित्येक आज्यांना बिनचष्म्याची पोथी वाचता येऊ लागते आणि घरातले म्हणतात, नजर सुधारली! काही महिन्यांनी तेही जातं. कडेने चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पट्टे आले तर समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो. तिसरा प्रकार भिंगाच्या अगदी मागच्या थरात होतो. मधुमेहात आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. तो आकाराने छोटा असला तरी ऐन मध्यात बसतो. त्यामुळे उन्हात बाहुली आकसली की माणसाला जवळजवळ काही दिसत नाही आणि संध्याकाळी बरं दिसतं. आईंना भर दुपारी जास्त त्रास होतो का, ते विचारून बघा. तसं असेल तर तपासणीच्या खोलीतल्या अंधारात वाचलेली अक्षरं त्यांची खरी अडचण सांगत नाहीत.

आता "पिकला नाही" याबद्दल. हा शब्द ज्या काळात जन्मला त्या काळात तो अगदी योग्य होता. तेव्हा डोळ्याला दहा-बारा मिलिमीटरचा छेद घ्यावा लागे, टाके पडत आणि रुग्णाला दिवसेंदिवस उताणं निजवून ठेवत. कच्च्या मोतीबिंदूचा मऊ गर आत राहून सूज येई. आणि मुख्य म्हणजे भिंग काढल्यावर तिथे बसवायला काही नव्हतं. म्हणून अधिक दहाच्या आसपास नंबरचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. त्या चष्म्यातून वस्तू आहेत त्याहून पाव पटीने मोठ्या दिसत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा अजून बरा असला, तर दोन डोळ्यांना दोन आकारांची चित्रं दिसत आणि माणसाला एक पायरीही धड उतरता येत नसे. त्यामुळे दोन्ही डोळे जवळजवळ निकामी होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं.

हे चित्र भिंग बसवण्याच्या कल्पनेने बदललं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक छताचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट सहन केले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९६७ मध्ये न्यू यॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी दाताचं किटण काढणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्रावरून कल्पना घेऊन भिंग आतल्या आत फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. तीच आजची फेको. आपल्याकडे ही भिंगं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली त्यात मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने १९९२ मध्ये उभारलेल्या ऑरोलॅबचा मोठा वाटा आहे. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात जाड चष्म्यांचे आजोबा रांगेने बसलेले असत. आता तसा चष्मा माझ्या ओपीडीत वर्षाकाठी एखादा दिसतो. पण "पिकू द्या" हा शब्द मात्र मागे राहिला.

आज पिकू देण्याचा फायदा काहीच नाही, तोटा मात्र आहे. गाभा जितका कडक, तितकी फोडायला जास्त शक्ती लागते आणि तितक्या बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पूर्ण पांढरा, फुगलेला मोतीबिंदू असेल तर त्याची पिशवी ताणलेली असते आणि ती गोल उघडताना भलतीकडे फाटू शकते. फारच थांबलं तर डोळ्याचा दाब एकदम चढून डोळा लाल होतो, असह्य दुखतो आणि नजर कायमची जाऊ शकते. असे डोळे माझ्याकडे दर वर्षी येतात. बहुतेक घरात एकच वाक्य ऐकू येतं: "पिकायची वाट बघत होतो."

तरीही "पिकू द्यायचा नाही" याचा अर्थ "दिसला की काढा" असा नाही. साठीनंतर बहुतेकांच्या भिंगात थोडा तरी गढूळपणा सापडतो. मी रुग्णाला पाटीवरच्या ओळींइतकंच घरचं विचारते. तांदूळ निवडता येतात का? गॅसची ज्योत बारीक-मोठी झालेली कळते का? एसटीची पाटी वाचता येते का? पायरी चुकते का? इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे दिसतात का? एक आजोबा तक्त्यावर छान वाचत होते, पण म्हशीची धार काढताना पहाटेच्या मिणमिणत्या दिव्यात त्यांना काही उमगत नव्हतं. त्यांचं ऑपरेशन मी केलं. दुसऱ्या एक बाई त्यांच्याहून कमी वाचत होत्या, पण त्यांचं काहीच अडत नव्हतं. त्यांना नवा चष्मा दिला आणि आठ महिन्यांनी बोलावलं. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं "सहा महिन्यांनी या" कदाचित याच विचारातून आलं असेल. त्यांना तेवढं विचारून घ्या.

मधुमेह असल्याने आईंच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिला प्रश्न, आणि तुमच्या मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. पडदा तपासला का? डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा जो पडदा, रेटिना, त्यावर बारा वर्षांच्या साखरेने काय केलं आहे?

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एका निवृत्त शिक्षिका मला अजून आठवतात. मोतीबिंदू दाट होता, मागचं नीट दिसत नव्हतं. मी सोनोग्राफी करून पडदा जागेवर असल्याची खात्री केली आणि तेवढ्यावर थांबले. ऑपरेशन मनासारखं झालं. पट्टी काढली आणि बाईंना वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येईना. पडद्याच्या मध्यभागी मधुमेहाची सूज होती, ती आधीपासूनच असणार. त्यांना मी तसं समजावलं, त्यांनी ऐकूनही घेतलं, पण त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की त्याला ती सबब वाटते आहे. हीच शंका मी आधी बोलून दाखवली असती तर तो सल्ला ठरला असता. तेव्हापासून मधुमेह असलेल्या प्रत्येक रुग्णाची बाहुली मोठी करून पडदा पाहणं आणि शक्य तिथे पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर आणि सूज दाखवणारी प्रकाशाची तपासणी) करणं, याशिवाय मी तारीख देत नाही.

पडद्याला सूज किंवा नव्या कच्च्या रक्तवाहिन्या असतील तर बऱ्याचदा आधी डोळ्यातलं इंजेक्शन किंवा पडद्यावरचं लेझर करावं लागतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ही सूज वाढूही शकते. उलट कधी मोतीबिंदू इतका दाट असतो की पडद्यावर उपचार करण्यासाठीच तो आधी काढावा लागतो. म्हणजे मधुमेहात "लवकर करा" म्हणणाऱ्यांकडेही सबळ कारण असू शकतं. साखरेबद्दल विचाराल तर मी एका आकड्यावर अडून बसत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर फार चढलेली असेल तर फिजिशियनशी बोलून काही आठवडे थांबते. पण ऑपरेशनसाठी ती चार दिवसांत धाडकन खाली आणणंही मला आवडत नाही.

आता लेन्स. साधी मोनोफोकल लेन्स एका अंतरावर स्पष्ट दाखवते. बहुतेक जण लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा वापरतात. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स येणारा प्रकाश लांब, मध्यम आणि जवळ असा वाटून देते, म्हणून चष्म्याची गरज बरीच कमी होते. पण वाटून दिलेला प्रकाश कुठेतरी कमी पडणारच. गडद-फिक्या छटांमधला बारीक फरक जरा कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. ज्याचा पडदा, नस आणि बुबुळ ठणठणीत आहे त्याला मेंदू हे सरावाने चालवून देतो. पण पडद्यावर आधीच मधुमेहाचा परिणाम असेल, किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर त्या डोळ्याला मिळणारा प्रकाश आणखी वाटून टाकणं मला पटत नाही. माझ्याकडे एक टेंपोचालक दुसरीकडून मल्टिफोकल बसवून आले होते. पाटीवरची शेवटची ओळ वाचत, पण रात्रीच्या घाटात समोरच्या गाड्यांचे दिवे फुलांसारखे पसरत म्हणून त्यांनी रात्रीच्या फेऱ्या सोडल्या होत्या. लेन्स चांगलीच होती, फक्त त्यांच्या कामाला साजेशी नव्हती.

म्हणून आईंना बारा वर्षांचा मधुमेह आहे एवढ्याच माहितीवर माझा कल चांगल्या मोनोफोकल लेन्सकडे आहे. बुबुळाला तिरपा नंबर जास्त असेल तर तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचा विचार जरूर करा. त्या पैशांचा खरा उपयोग होतो. पडदा अगदी निर्मळ निघाला, आईंना वाचनाच्या चष्म्याचा मनापासून कंटाळा असला आणि कड्यांबद्दल ऐकूनही त्या तयार असल्या, तर मी माझं मत बदलेन. पण "चष्मा कायमचा सुटेल" असं वचन कोणीही देऊ नये, आणि कोणी दिलं तर तुम्ही ते घेऊ नये.

लेन्सच्या जातीपेक्षा तिचा नंबर नेमका येणं जास्त मोलाचं. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून तो काढतात. डोळा सरासरी साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. मोजमापात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. त्यामुळे कुठल्या ब्रँडची लेन्स आहे हे विचारताना मोजमाप प्रकाशाच्या यंत्राने झालं की डोळ्याला टेकवायच्या सोनोग्राफीने, आणि पुन्हा मोजून ताडलं का, हेही विचारा. आईंचे डोळे कोरडे असतील तर मोजमापाआधी काही दिवस थेंब घालून मग मोजलेलं बरं.

भावाच्या लेझरबद्दल. ज्याला सगळे लेझर म्हणतात ती फेको पद्धत ध्वनिलहरींची असते, लेझरची नाही. खरं फेम्टोसेकंद लेझर वेगळं यंत्र आहे. ते छेद घेतं, पिशवी गोल उघडतं आणि भिंगाला सुरुवातीचे काप देतं. त्यापुढचं काम पुन्हा फेकोनेच. मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत या लेझरने नजर लक्षणीय जास्त सुधारली असं दिसलेलं नाही, मग जास्तीचा खर्च कशासाठी? खर्चाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते की सरकारी रुग्णालयांत आणि अंधत्व निवारणाच्या शिबिरांतून होणारी लहान छेदाची, बिनटाक्याची हाती पद्धत दुय्यम समजू नका. नेपाळात फेकोशी तिची तुलना झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या ९८ टक्के रुग्णांची चष्म्यासहची नजर चांगली होती. फार कडक मोतीबिंदूला मी स्वतःही कधीकधी हीच पद्धत निवडते.

ऑपरेशनची भीती आईंना असेलच. त्यांना एवढं सांगा: बहुतेक वेळा थेंबांनी किंवा डोळ्याच्या बाजूच्या इंजेक्शनने डोळा बधिर करतात, झोपवत नाहीत. दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून काम होतं आणि घडी घातलेली लेन्स आत जाऊन उलगडते. टाका लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटं शांत पडून राहावं लागतं. म्हणून त्यांना खोकला असेल किंवा सपाट झोपल्यावर धाप लागत असेल तर आधीच सांगा. प्रकाश दिसतो, पाणी वाहतं, पण सुरी-कात्री दिसत नाही. प्रत्येक बाईला हीच धास्ती असते.

धोका शून्य नाही. अनुभवी हातांतही शंभरात एक-दोघांची मागची पिशवी फाटते. बहुतेकांचं त्यावरही निभावतं. जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला होतो किंवा त्याहूनही कमी, पण झाला तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागची पिशवी धूसर झाली तर लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. याग लेझरने दोन-चार मिनिटांत ते धूसर साफ होतं.

आईंची सगळी औषधं घेऊन जा, आठवणीने. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. थेंबांच्या भुलीत बहुधा ती थांबवावी लागत नाही. वडिलांची वेळ येईल तेव्हा लघवीसाठीच्या टॅम्सुलोसिन गोळीचं आवर्जून सांगा. तिने ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) ढिला पडतो. आधी कळलं तर आम्ही त्याची तयारी ठेवतो.

दिवाळीची वाट बघायची गरज नाही. उन्हाळ्या-पावसाळ्याची भीती मोठ्या छेदाच्या आणि टाक्यांच्या काळातली आहे. आता बाराही महिने ऑपरेशनं होतात. पण तुमच्या घरी पहिले आठ-दहा दिवस थेंब घालायला कोण आहे, सुगी चालू आहे का, चुलीच्या धुरात बसावं लागतं का, हे बघून तारीख घ्या. थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात. आठ-दहा दिवस डोक्यावरून अंघोळ नको, डोळा चोळायचा नाही, रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी लावायची. टीव्ही पाहायला, आंबट खायला, भाकरी चावायला काहीच हरकत नाही. पहिल्या दिवशीपेक्षा तिसऱ्या दिवशी कमी दिसू लागलं, दुखणं किंवा लाली वाढली, तर रविवार असला तरी त्याच दिवशी डोळा दाखवा. फोनवर थेंब विचारून वेळ काढू नका.

दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याचा आग्रह धरू नका. करायचं ठरलं तर उजवा आधी करा. चार-सहा आठवड्यांनी त्याचा चष्म्याचा नंबर स्थिर झाला की तो कागद आणि लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड एकत्र जपून ठेवा. ठरवलेला नंबर आणि प्रत्यक्ष आलेला नंबर यांत फरक पडला असेल, तर डाव्या डोळ्याचा हिशेब करताना तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. डाव्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी केलं, तर हे दोन्ही सोबत न्या.